फाईली गेल्या, फोल्डर राहिले: माझा अनुभव

आमचं ऑफिस गिरगावात, टॅक्सची कामं करणारं. एप्रिल लागला की सरांचं ठरलेलं, जुन्या वर्षाचं फोल्डर कॉपी कर, आतल्या फाईली काढ, पण फोल्डर आहेत तसे ठेव. 180 क्लायंट, प्रत्येकाच्या पोटात जीएसटी, टीडीएस, बँक, पत्रव्यवहार असे डबेच डबे. गेल्या वर्षी मी हे हाताने केलं, चार दिवस गेले आणि त्या नादात एकाचं टीडीएसचं फोल्डरच उडालं.

यंदा कॉपी लावली (माझा डबा खाऊन झाला तरी चालूच होती) आणि शेजारच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या दादाला विचारलं, नुसत्या फाईली झटक्यात कशा काढायच्या. त्याने विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट दाखवलं, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी. तो म्हणाला, अगं आरएमडीआयआर कमांडच्या वाटेला जाऊ नकोस, ते फोल्डरसकट साफ करतं, डेल वापर, ते फक्त फाईली खातं. डेल, स्लॅश एस, स्लॅश क्यू, स्टार डॉट स्टार. एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर, क्यू म्हणजे विचारत बसू नको, स्टार डॉट स्टार म्हणजे सगळ्या फाईली.

मी सीडी (हव्या त्या फोल्डरमध्ये जायची कमांड) लिहून डी ड्राइव्हवरचा कॉपीचा पत्ता टाकला, एंटर मारलं, एरर नाही काही नाही, म्हणून पुढची कमांडपण टाइप केली आणि बोट एंटरवर असताना सहज डावीकडे बघितलं तर प्रॉम्प्ट, म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते दाखवणारी अक्षरं, अजून सी कोलन, यूजर्स आणि पुढे माझंच नाव! म्हणजे माझं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं गेलं असतं, आणि डेलने उडवलेलं रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. एसीत घाम फुटला. नुसत्या सीडीने ड्राइव्ह बदलत नाही म्हणे, पुढे स्लॅश डी लागतं. हे आधी सांगायला काय झालं होतं दादाला?

मग आधी एकाच क्लायंटवर करून बघितलं. भराभर ओळी पळाल्या, फोल्डर जागेवर, पण काही पीडीएफ चिकटून बसलेल्या, ॲक्सेस इज डिनाइड. रीड-ओन्ली होत्या त्या, स्लॅश एफ टाकल्यावर हलल्या. लपून बसलेल्या थंब्ज डॉट डीबीसाठी (विंडोज स्वतःच बनवतं त्या फाईली) स्लॅश ए. मग सगळ्यांवर चालवलं.

दादाला कौतुकाने सांगायला गेले तर चहा फुंकत म्हणतो, पण तुला नुसता सांगाडाच हवा होता ना, मग फाईली कॉपी कशाला केल्यास? एक्सकॉपी या कॉपीच्या कमांडला स्लॅश टी, स्लॅश ई दिलं की रिकामी फोल्डरंच उतरतात.

त्या कमांडची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलीय, पुढच्या एप्रिलसाठी.