शिंकं म्हणजे शिंकं

परवा भर दुपारी लाइट गेले. भाची म्हणींची वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. 'शिंक्याचं तुटलं, बोक्याचं पटलं' याचा अर्थ लिहून न्यायचा होता.

"मावशी, बोका कळला. शिंकं म्हणजे काय गं?"

"अगं, शिंकं म्हणजे... शिंकंच की!"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. फोनमध्ये तिने आधीच शोधून झालं होतं आणि तिथे एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून बसलेले होते. मला हसू आलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका पोलिश पाद्र्याने अगदी माझ्यासारखंच उत्तर दिलं होतं, तेही चक्क छापून.

बेनेडिक्ट ख्मेलोव्स्की त्यांचं नाव. फिर्लेयुव नावाच्या खेड्यातले धर्मगुरू. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा पोलंडच्या राज्यात होतं. 1745-46 साली त्यांनी ल्वूव शहरात एक जाडजूड ग्रंथ छापला, 'नवं अथेन्स'. पोलिश भाषेतला पहिला विश्वकोश म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवतात. शीर्षक लांबलचक, आणि हा ग्रंथ कुणासाठी आहे तेही त्यातच सांगून टाकलंय: शहाण्यांना आठवणीसाठी, अडाण्यांना शिकण्यासाठी, राजकारण्यांना वापरासाठी आणि उदास माणसांना करमणुकीसाठी. यातल्या शेवटच्या वर्गाचा विचार करणारा दुसरा कोशकार माझ्या तरी पाहण्यात नाही. वर्गणी मागितली असती तर मी त्याच रांगेत उभी राहिले असते.

तर या ग्रंथात घोड्याची पाळी आली तेव्हा फादरसाहेबांनी लिहिलं, 'घोडा कसा असतो, ते सगळ्यांना दिसतंच.' शेळीबद्दल, 'घाण वास मारणारी प्राण्यांची जात.' (शेळी पाळलेल्या घरात चार दिवस राहिलेला माणूस यावर वाद घालणार नाही.) आणि ड्रॅगनबद्दल, 'त्याला हरवणं कठीण, पण प्रयत्न करावा.'

पुढच्या पिढीतल्या सुधारक मंडळींनी या पुस्तकाची यथेच्छ टर उडवली. अडाणीपणाचा नमुना म्हणून त्याचं नाव घ्यायची पद्धतच पडली. पण घोड्याचं ते वाक्य टिकलं. आपण जिथे 'हातच्या काकणाला आरसा कशाला' म्हणतो, तिथे पोलिश माणूस अजून हा घोडा पुढे करतो. मला तर त्यात अडाणीपणा दिसतच नाही. घोडा दारात बांधलेला आहे, त्याचं काय सांगायचं? ड्रॅगन कुणी पाहिलेला नाही, तेव्हा सल्ला त्याच्याबद्दल हवा.

हे असलं शहाणपण मला चौथीत असताना होतं. 'गाय' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं की शेजारच्या काकूंची गाय चंद्री रोज सकाळी आमच्या फाटकाला मान घासते, त्यामुळे फाटकाचा रंग तेवढ्याच जागी गेलाय, आणि आजी पोळी द्यायला गेली की ती आधी आजीचा पदर चावते. मला वाटलं, बाई वर्गात वाचून दाखवतील. बाईंनी वाचलं, आणि लाल पेनने समासात विचारलं, 'पाय किती?'

मी उठून म्हणाले, "बाई, ते तर सगळ्यांना माहीत असतं ना."

घरी जाऊन पुन्हा लिहिलं. गाय हा पाळीव प्राणी आहे. गायीला चार पाय, दोन शिंगे, दोन डोळे व एक शेपूट असते. दहापैकी नऊ मिळाले. एक कशाचा कापला ते आजतागायत समजलेलं नाही. शेपटीच्या टोकाचा गोंडा राहिला असावा.

ख्मेलोव्स्कींचा ग्रंथ विषयवार रचलेला होता. अकारविल्हे मांडणी आणली ती कवी आणि बिशप इग्नात्सी क्रासिट्स्कींनी. त्यांचा दोन खंडांचा कोश 1781 ते 1783 या काळात निघाला. पोलिश भाषेतली पहिली कादंबरीही याच माणसाची, 1776 सालची. कादंबरीकाराच्या हातचा कोश कसा लागत असेल, चवीला म्हणते मी. अकारविल्हे म्हटलं की मी विरघळते, ही माझी जुनी खोड. शब्दकोशात एक शब्द बघायला जायचं आणि तासाभराने भलतीकडेच निघायचं. घोडा बघायला गेलं की पुढे घोणस, मग घोरपड आणि तिच्यामागून घोसाळं, सगळी एका रांगेत, गुण्यागोविंदाने. फोनमध्ये शोधलं की घोडा एकटा येतो. बिचारा.

मग आले सॅम्युएल ऑर्गेलब्रांड, वॉर्साचे ज्यू प्रकाशक. 1859 ते 1868 या काळात त्यांनी 28 खंडांचा विश्वकोश पुरा केला. त्या काळी नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता, 1795 पासून तिघा शेजाऱ्यांनी तो वाटून घेतलेला. वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल. मधेच 1863चा उठाव झाला, चिरडला गेला, माणसं सायबेरियाला धाडली गेली आणि इकडे खंड निघतच राहिले. ऑर्गेलब्रांडही 1868 सालीच गेले. देश नसलेल्या लोकांनी आपल्या भाषेत जगातली एकेक गोष्ट ओळीने लिहून काढायची. तिथे 'सगळ्यांना दिसतंच' म्हणून भागलं नसतं, हे मात्र चौथीतल्या बाईंच्या बाजूने मान्य करावं लागतं.

"मावशी, सांग ना."

मी पेन्सिल घेतली. आजीच्या स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेलं असायचं ते. काथ्याचं विणलेलं, खाली निमुळतं, त्यात दह्यालोण्याची गाडगी एकावर एक. मांजराच्या उडीच्या वर, आजीच्या हाताच्या खाली. त्या दोहोंत जेमतेम वीतभर अंतर असावं, कारण बोका रोज खाली बसून हिशेब करत असायचा. हरवणं कठीण, पण प्रयत्न करावा. हे सगळं सांगितलं आणि मग चित्र काढलं.

"हां, म्हणजे बास्केटबॉलचं जाळं. पण वरून टांगलेलं."

"हो... तसंच. फक्त खालून बंद."

तिने वहीत सुबक अक्षरात लिहिलं: शिंके म्हणजे खालून बंद असलेले बास्केटबॉलचे जाळे. मी काही बोलले नाही. आजीला बास्केटबॉल माहीत नव्हता, एवढंच डोक्यात आलं.

तेवढ्यात लाइट आले. पंखा करकरत फिरू लागला, वहीचं पान उलटलं आणि तिने पुढची म्हण वाचली. उखळात डोके घातल्यावर मुसळाला काय भ्यायचे.

"मावशी..."