काळी पेरं

मुलगी भांडुपची, अकरावीतली. लोकलमध्ये चक्कर येऊन पडली म्हणून आई सकाळी साडेसातलाच तिला घेऊन लॅबमध्ये आली. शीर बघायला हात धरला, तर बोटांची पेरं काळी पडलेली. “उन्हानं झालंय हो ताई, बेसन-लिंबू लावतेय,” आई म्हणाली. उन्हानं रापलेला हात सगळाच रापतो. इथे नुसते सांधे काळे होते, शाई लागल्यासारखे. मी गप्प बसले, कारण रक्त काढणाऱ्यानं निदान सांगायचं नसतं.

मशीनवर हिमोग्लोबिन ७.८ आलं. त्याच्या खाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ११६. हवं ८० ते १००. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात, हिच्या फुगलेल्या. आणि पोरगी तीन महिने लोहाचं सिरप पीत होती! हिमोग्लोबिनच्या खालच्या दोन ओळी वाचायचे कष्ट बरेच डॉक्टर घेत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

स्लाइड मीच केली. थेंबाला दुसरी काच तिरकी टेकवायची आणि एका दमात पुढे न्यायची. हात अडखळला की शेपटी फाटते. मग लिशमन, म्हणजे पेशी रंगवायचं द्रावण, त्यावर बफरचं पाणी. वर हिरवट सोनेरी साय धरली की समजायचं, रंग बसतोय. ऑइल लेन्सखाली मोठाल्या, अंड्यासारख्या लांबट तांबड्या पेशी दिसल्या आणि त्यांच्यात एक न्यूट्रोफिल, म्हणजे पांढरी पेशी. तिच्या केंद्रकाचे लोब, म्हणजे तुकडे, मोजले, सहा. एरवी तीन-चार, फार तर पाच. पुढे सरकले तर एक सात लोबचा. मी लगेच आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना बोलावलं. बी १२ जीवनसत्त्व कमी पडलं की तांबड्या पेशी अशा फुगतात आणि लोब वाढतात. संध्याकाळी बी १२ चा आकडा आला, १०० च्याही खाली.

“आमच्या घरात दिवसाआड बांगडा असतो, हिला कसं कमी पडेल?” आई विचारत होती. मुलगी खाली बघून म्हणाली, “मी सातवीपासून खात नाही. डब्याला वास येतो म्हणून कुणी जवळ बसायचं नाही.” मासे सुटले, मागून अंडंही सुटलं. दूध तिला कधीच आवडलं नव्हतं. पोळी-भाजीत बी १२ नसतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे इतके दिवस निभावलं. पायाला मुंग्या येत होत्या, तेही तिनं घरी सांगितलं नव्हतं. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या ३१ टक्के मुलांमध्ये बी १२ कमी आढळलं होतं. तरी अशक्त पोरगी दिसली की हातात लोहाची बाटली.

इंजेक्शनं सुरू झाली. आठव्या दिवशी रेटिक, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण, १२ टक्के आलं. नव्या पेशी जोमानं तयार व्हायला लागल्या होत्या. त्या दिवशी तिचा जुना रिपोर्ट काढून पाहिला. तीन महिन्यांपूर्वीचा, आमच्याच लॅबचा. हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही १०२. पुढे मशीनचा ‘एच’, म्हणजे ‘हाय’, आणि तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव. एमसीव्ही १०५ च्या पुढे गेल्याशिवाय स्लाइड करायची नाही, हा आमच्याकडचा नियम. तो मी पाळला होता.

आता १०० ओलांडलं की मी स्लाइड करते. पण तेव्हाची तिची रक्ताची नळी केव्हाच कचऱ्यात गेली. सात दिवसांपलीकडे आम्ही नळ्या ठेवत नाही. तेव्हा काच लेन्सखाली धरली असती तर सहा लोब दिसले असते का, हे मला आता कुठूनच तपासता येणार नाही.