अप्पांना आता चेहऱ्यावरून कळत नाही

आमच्या अप्पांना लकवा मारला त्याला आता बराच काळ झाला. डावा हात-पाय गेला होता, म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूची नस ब्लॉक झालेली. फिजिओथेरपीने पाय बराच सुधरला, काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात, बोलणं तर पहिल्यापासून साफ आहे. त्यामुळे गावात जो तो म्हणतो, अप्पा नशीबवान, वाचा गेली नाही. खरंय ते. पण वाचा चांगली आहे म्हणूनच आत काय बिघडलंय ते कोणाला दिसत नाही, आणि घरची बाई "माणूस पार बदलला हो" एवढं म्हणून गप्प बसते. आपल्या चोपडा-अमळनेरकडे अशा किती जणी असतील, म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त सोसलंय ते मायने. तिला ताप होता, डोळे लाल, आवाज बसलेला, भिंतीला धरून चालत होती आणि अप्पा समोर बसून म्हणतात, आज कळण्याची भाकरी कर, भरीत कर. जन्मभर जो माणूस मायचा नुसता चेहरा बघून "काय झालं गं" विचारायचा, तो. माय आत जाऊन रडली. भाऊ चिडला, म्हणाला आजारपणात माणूस स्वार्थी होतो.

स्वार्थी नाही हो. समोरच्याचा चेहरा बघून तो दुखी आहे, चिडलाय की घाबरलाय हे ओळखणं, आवाजाच्या चढउतारावरून मन ओळखणं, ह्यात मेंदूच्या उजव्या बाजूचं काम मोठं असतं. एलियट रॉस नावाच्या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टने 1981 मध्ये ह्यावर लिहिलं होतं, की उजव्या बाजूला इजा झाली तर शब्द नीट राहतात पण बोलण्यातली भावना जाते, कोणाची स्वतःच्या आवाजातली, कोणाला दुसऱ्याच्या आवाजातली कळत नाही. अप्पांचं दोन्ही झालंय. नात झाली ती बातमी त्यांनी अशी सांगितली जशी शेतातल्या मोटारीची लाईट गेल्याची सांगतात, सपाट, आणि सून तेवढ्यावरून नाराज झाली.

टोमणा, चेष्टा पण कळत नाही. ओट्यावर एकजण म्हणाला, "अप्पा, आते ते पयाले लागनात तुम्ही!" तर अप्पा गंभीरपणे सांगायला लागले की नाही, मला पळता येत नाही, डावा पाय ओढतो. मंडळी हसली, अप्पा उठून घरात आले. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ह्याचा अंदाजच लागत नाही त्यांना.

आणि दारावर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, गेलो होतो तेव्हाचं तर सांगायलाही जड जातं. सख्ख्या चुलतभावाचं दुःख, सगळे बसलेले, आणि अप्पांना हसू फुटलं ते थांबेचना. लोकांनी काय काय अर्थ काढले. घरी आल्यावर अप्पा स्वतः म्हणाले, मला हसायचं नव्हतं, आतून रडू येत होतं. ह्याला डॉक्टर स्यूडोबल्बार अफेक्ट म्हणतात. हसण्या-रडण्यावरचा मेंदूचा ताबा सुटतो, थोडा वेळ झटका येतो आणि जातो, मनातल्या भावनेशी त्याचा मेळ असेलच असं नाही. ह्याच्यावर गोळ्या आहेत, डिप्रेशनच्या काही गोळ्या इथेही चालतात, पण त्या न्यूरोलॉजिस्टने दिल्यावरच घ्यायच्या, शेजाऱ्याच्या पेशंटची चिठ्ठी बघून नाही. झटका आला की आम्ही त्यांना बसण्याची जागा बदलायला लावतो, श्वास सावकाश घ्यायला सांगतो आणि बाकीचे नॉर्मल बोलत राहतो.

अजून एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एका माणसाला डिप्रेशन येतं. आणि बऱ्याच जणांना नुसती उदासीनता येते, इंग्रजीत ॲपथी म्हणतात ती. डिप्रेशनवाला आतून दुखी असतो, झोप उडते, जगून काय करू म्हणतो. ॲपथीवाल्याला दुःखही होत नाही, सांगितलं तर उठतो, नाही तर केळीचे घड पडले काय अन् राहिले काय, बसून राहतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात आणि घरचे दोघांनाही आळशी म्हणतात. डॉक्टरला हा फरक घरच्यांनीच सांगायला लागतो कारण ओपीडीत पाच मिनिटात पेशंट "बरं आहे" म्हणून मोकळा होतो.

आमच्याकडे फरक कशाने पडला तर उघड बोलण्याने. मायने एकदा त्यांच्या समोर बसून सरळ सांगितलं, मला ताप आहे, अंग दुखतंय, आज माझ्याने स्वयंपाक होणार नाही. अप्पा लगेच म्हणाले, मग तू झोप, मी पोराला सांगतो डॉक्टरकडे न्यायला. म्हणजे माया होती हो माणसात, फक्त मायच्या चेहऱ्यावरून त्या मायेपर्यंत निरोप पोचत नव्हता. सगळ्याच पेशंटचं असं होईल असं मी म्हणत नाही, काहींमध्ये दुसऱ्याबद्दल वाटणंच कमी होतं. पण आधी शब्दात सांगून तर बघा. मायला सुरुवातीला फार लागलं, म्हणाली इतक्या वर्षांच्या नवऱ्याला आता मी रडतेय हेही बोलून सांगायचं का. हो माय, सांगायचं.

आता श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी घरात जमेल. गलका झाला, चार जण एकदम बोलले की अप्पा गोंधळतात आणि मग कोणावर तरी ओरडतात. म्हणून ह्यावेळी कानबाईचा प्रसाद, रोट खायला येणाऱ्या सगळ्यांना मी आधीच फोन करून सांगणारे, अप्पांजवळ एकावेळी एकानेच बसा, चेष्टा करायची तर चेष्टा आहे म्हणून सांगा, आणि ते मध्येच हसले-रडले तर वाईट वाटून घेऊ नका.