रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह, तरी गोळ्या सुरू

चंद्रपूरचा मे महिना. शिलाई मशिनवर बसलं की दोन्ही हात घामाने निथळायचे, पण डाव्या कोपराखालचा एक चट्टा तेवढा कोरडा राहायचा. फिकट, जरासा लालसर, नाण्याहून थोडा मोठा, वरची लवही गेलेली. खाज नाही, आग नाही. मेडिकलवाल्याने गजकर्ण म्हणून मलम दिलं आणि मी ते लावत राहिले. दुखत-खुपत नसलेल्या गोष्टीसाठी कामाचा दिवस कोण बुडवणार?

आमच्या भागात कुष्ठरोग नवा नाही. पाहणीला आशाताई घरोघरी येतात, अंगावर चट्टा आहे का विचारतात. यंदा मी हात पुढे केला. "ताई, हे दवाखान्यात दाखवूनच घ्या," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी ते ऐकलं आणि आधी दार लोटून घेतलं.

नणंदेचा मुलगा एका खासगी लॅबमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, "मामी, सरकारी दवाखान्यात नाव लागलं की गावभर होईल. आधी रक्त तपासून घेऊ. कुष्ठरोगाच्या जंतूंशी लढायला शरीर ज्या अँटिबॉडी बनवतं, त्या रक्तात दिसतात." नमुना बाहेरगावी गेला, पैसेही बरेच गेले. रिपोर्ट आला निगेटिव्ह. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. निगेटिव्ह आलं तरी आजार असू शकतो, अशी एक ओळही त्या कागदावर नव्हती. ती छापायला किती शाई लागली असती?

चट्टा मात्र तसाच कोरडा होता. म्हणून रिपोर्ट पर्समध्ये टाकून मी सरकारी दवाखान्यात गेलेच.

तिथल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि खिशातलं बॉलपेन काढलं. आधी डोळे उघडे ठेवून दाखवलं: पेनाचं टोक टेकलं की तिथे बोट ठेवायचं. मग डोळे मिटायला सांगितलं. मनगट, दंड, तळहात, मी पटापट बोट ठेवत गेले. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, ते थांबले. डोळे उघडले तर टोक चट्ट्याच्या मधोमध टेकलेलं! त्यानंतर त्यांनी कोपराच्या आतल्या खाचेतली नस बोटांनी चाचपली, दोन्ही हातांची ताडून पाहिली, आणि करंगळी बाहेर ताणून धरायला लावून ती दाबून बघितली. नस जाड झालेली नव्हती, करंगळीत जोर होता. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरून ब्लेडने बारीक छेद घेतला, चट्ट्यावरूनही घेतला, आणि तो रस काचपट्टीवर पसरला. त्यातही जंतू सापडले नाहीत.

"मग दोन्ही निगेटिव्ह, तर आजार कसला?" मी डॉक्टर मॅडमना विचारलं.

त्यांनी खुर्ची ओढून नीट सांगितलं. या जंतूच्या आवरणात पीजीएल-१ नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. रक्ताची चाचणी त्याविरुद्ध शरीराने केलेल्या अँटिबॉडी शोधते. ज्यांच्या अंगात जंतू फार, चट्टे पुष्कळ, त्यांच्यापैकी बहुतेकांत त्या सापडतात. पण अशा माणसाचा आजार तपासताना डोळ्यांना आणि काचपट्टीवर दिसतोच. माझ्यासारखा एकच चट्टा असला की शरीराच्या पेशींनीच जंतूंना आवरून धरलेलं असतं, जंतू थोडे, अँटिबॉडीही थोड्या. अशा निम्म्याहून जास्त रुग्णांत चाचणी निगेटिव्ह येते. म्हणजे शंका जिथे खरी, तिथेच ती गप्प बसते. उलट रुग्णाच्या सहवासात राहिलेल्या धडधाकट माणसाचं रक्तही पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि त्यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतही निदानासाठी ही चाचणी सुचवलेली नाही. बधिर चट्टा, जाड झालेली आणि काम बिघडलेली नस, किंवा काचपट्टीवर जंतू, यांतलं एक सापडलं तरी पुरे.

"लॅबमध्ये जंतू वाढवून बघत नाहीत का, टीबीचे बघतात तसे?" मी विचारलं. त्या हसल्या. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला, पण तो प्रयोगशाळेच्या बशीत अजून कुणालाच वाढवता आलेला नाही.

गोळ्यांची पाकिटं फुकट मिळाली. सहा महिन्यांचा कोर्स, महिन्याचा पहिला डोस त्यांच्यासमोर गिळायचा. त्या दिवशी लघवी लालसर होते. आधी सांगितलं नसतं तर माणूस घाबरून कोर्सच सोडेल. घरच्या सगळ्यांचीही तपासणी झाली, आणि कुणाला चट्टा नाही हे बघून आजार होऊ नये म्हणून मुलांना रिफाम्पिसिन या औषधाचा एकेक डोस दिला. सासूबाईंनीही घेतला, नाकं मुरडत.

कोर्स संपत आला तेव्हा भाचा पुन्हा म्हणाला, "मामी, आता एकदा रक्त करून बघू, बरं झालं का ते कळेल." मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच काही आलं नव्हतं, आता कमी काय होणार? आणि ज्यांच्या रक्तात अँटिबॉडी सापडतात त्यांच्याही हळूहळूच उतरतात, त्यावरून गोळ्या बंद करत नाहीत. पाकिटं पूर्ण झाली की उपचार पूर्ण." चट्टा अजून थोडा दिसतो, तो राहू शकतो असं त्यांनी सांगितलंय. नवा चट्टा आला किंवा करंगळीतला जोर कमी वाटला, तर मात्र लगेच यायचं.