मामांच्या डबीतली तीन नाणी

मामा जहाजावर नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांची नाण्यांची पत्र्याची डबी माझ्याकडे आली. तिच्यातल्या तीन अमेरिकन नाण्यांनी माझी झोप उडवली: दोन्ही बाजूंना छापाच, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहराच असलेलं क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं), तांब्याच्या रंगाचा १९४३ चा सेंट, आणि एक पाच सेंटचं निकेल, ज्यावरच्या चेहऱ्याला कुणीतरी टोपी आणि दाढी कोरली होती.

दोन छाप्यांचं नाणं मला सगळ्यांत मोठं घबाड वाटत होतं. टांकसाळीत चुकून दोन्हीकडे एकच ठसा लागला असणार, असा माझा तर्क. एका जुन्या संग्राहकांकडे गेलो, तर त्यांनी ते हातातही न घेता विचारलं, "वजन केलंत का?" हे क्वार्टर ५.६७ ग्रॅमचं हवं, माझं ५.३ भरलं. टेबलावर टाकलं तर खणखणीत वाजण्याऐवजी बद्द वाजलं. दोन नाणी जोडलेली असतील तर सांधा दिसेल, म्हणून मी तो बाहेरच्या कडेवर शोधत आलो होतो. तो तिथे नसतोच. त्यांनी भिंगातून दाखवला तेव्हा दिसला: कडेच्या आतल्या अंगाला, केसाएवढी गोल रेघ. एक नाणं आतून वाटीसारखं पोखरायचं, दुसऱ्याची कड उतरवून ते त्यात घट्ट बसवायचं. जादूच्या प्रयोगांसाठी अशी नाणी मुद्दाम बनवतात, आणि संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत एका खेळण्याएवढीच.

सेंटचा निकाल क्षणात लागला. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. तांब्याच्या उरलेल्या मोजक्या चकत्या चुकून यंत्रात गेल्या, ते सेंट आज अतिशय दुर्मीळ आहेत, म्हणून तर त्यांच्या नकला निघतात. आमचा लोहचुंबकाला टपकन चिकटला. पोलादाच्या सेंटवर नंतर चढवलेलं तांबं! चिकटला नसता तरी हुरळून जाऊ नका, असं ते म्हणाले. १९४८ च्या सेंटमधला ८ डावीकडून घासून ३ करणारेही असतात. खऱ्या ३ चं शेपूट बाकीच्या आकड्यांच्या खाली उतरलेलं असतं, घासलेल्याचं उतरत नाही. खरा तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅम भरतो, पोलादाचा २.७.

निकेल मात्र त्यांनी बराच वेळ खाली ठेवलं नाही.

१९१३ ते १९३८ या काळात पाडलेल्या या नाण्यावर एका बाजूला बायसन, दुसऱ्या बाजूला मूळ अमेरिकन माणसाचा चेहरा आहे. चेहरा मोठा आणि ठसठशीत, त्यामुळे कोरायला भरपूर जागा. कामाच्या शोधात मालगाड्यांतून भटकणारे लोक साध्या हत्यारांनी तो बदलायचे आणि त्या नाण्यावर एखादं जेवण किंवा रात्रीचा निवारा मिळवायचे. अशा भटक्यांना होबो म्हणत, म्हणून याला होबो निकेल म्हणतात. मी विचारलं, नाणं तर बिघडवलंय, मग मोल कशाचं? ते म्हणाले, "कोरणाऱ्या हाताचं."

पण हात जुना आहे की कालपरवाचा, हे ओळखणंच कठीण. आजही उत्तम कारागीर हे काम करतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. त्यात काही वावगं नाही. नवं काम जुनं म्हणून विकलं जातं, ती फसवणूक. भिंगाखाली त्यांनी मला दाढीच्या रेघा दाखवल्या. कडा बोथट झालेल्या, आणि रेघांच्या तळाशी तोच करडा रंग जो नाण्याच्या बाकी अंगावर होता. नाणं कोरल्यानंतर पुष्कळ वर्षं खिशांतून फिरलेलं होतं.

आदल्याच आठवड्यात मी ते चिंचेने घासायला काढलं होतं. घासलं असतं तर तो करडा रंग गेला असता, आणि त्याच्याबरोबर जुनेपणाचा पुरावाही.

आता तिन्ही नाणी वेगवेगळ्या पाकिटांत आहेत. पहिल्यावर मी लिहिलंय, "दोन नाणी जोडून केलेलं, सांधा आतल्या कडेला." दुसऱ्यावर, "पोलाद, वरून तांबं." तिसऱ्यावर, "पुसू नये."