‘अडवा’मधला ड

डिसेंबर लागला की पंचवटीतल्या आमच्या शाळेत अभ्यासाचं वारं पडायचं आणि गॅदरिंगचं सुटायचं. नाच, नाटुकली असायचीच. मला ओढ वक्तृत्व स्पर्धेची आणि शेवटच्या दिवशीच्या फिशपॉन्डची, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या, सगळ्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांची.

भाषणाची तयारी मराठीच्या बाई करून घ्यायच्या, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यातल्या कोवळ्या उन्हात. एका वर्षी विषय होता पाणी. वर्गातल्या एका मुलानं ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ एका दमात म्हणून टाकलं. बाई म्हणाल्या, “अरे, गाडी सुटतेय का? ‘ड’ म्हणताना जीभ वर अडते ना? तिथे बांध घाल. ‘जिरवा’ सावकाश म्हण, मुरू दे.” त्यानं तसं म्हटलं आणि डबे खाणारी पोरंसुद्धा वळून बघायला लागली. दोन्ही तुकडे सारख्या वजनाचे, शेवटी तोच ‘वा’; पहिला पटला की दुसऱ्याला मान आपोआप डोलते.

‘वाचाल तर वाचाल’ म्हणणं त्याहून कठीण. भिंतीवर रंगवलेलं ठीक, पण कानाला दोन्ही ‘वाचाल’ सारखेच. बाई पहिला चढवायला लावायच्या, ‘तर’पाशी किंचित थांबा, मग दुसरा खाली उतरवा. तेवढ्यानं पहिला पुस्तकाकडे जायचा आणि दुसरा जिवाकडे. व्याकरणात हे यमक. शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देतो तो श्लेष, आणि श्लेषाचं खरं राज्य फिशपॉन्डमध्ये!

सतत गैरहजर राहणाऱ्या एकाला चिठ्ठी आली होती: “इतक्या दांड्या जमवल्यास, आता कपडे वाळत घाल!” सगळं पटांगण फुटलं. सरांनी वर्षभर समजावून जे झालं नव्हतं ते झालं. पुढचा आठवडाभर पठ्ठ्या पहिल्या तासाला हजर.

यमकाला टाळ्या मात्र फुकट मिळतात, हेही तिथेच कळलं. मुद्दा पोकळ असला तरी शेवट जुळला की परीक्षक खूश. मे महिन्यात बाबांबरोबर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जायचे, तेव्हा एकही जुळणी न करता तासभर बांधून ठेवणारे वक्ते ऐकले. ते नुसतं कुठे थांबायचं एवढंच नेमकं जाणत.

फिशपॉन्ड आता फारसे होत नाहीत म्हणे. रंगावरून, जाडीवरून टोचणारे गेले ते बरंच झालं. दांडीवाला तेवढा राहायला हवा होता.