अण्णांच्या कानांसाठी स्टिरिओ

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, आजूबाजूला यंत्रमाग, दिवसभर खटखट. अण्णांनी स्वतः 31 वर्षं चादरीच्या मागावर काढली. मागाच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो आणि त्या काळात कानात बोळे घालायचं कुणी सांगतही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम (कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख) काढला तर 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या बारीक सुरांत, रेघ दोन्ही कानांत खाली घसरलेली. गोंगाटात काम केलेल्या माणसाचं ऐकणं बहुतेक तिथूनच जायला लागतं म्हणे. म्हणजे अण्णांना आवाज येतो, पण स, श, ट, क असली अक्षरं पुसट होतात, मोबाईलवर अभंग लावला की म्हणतात "हा गाणारा पुटपुटतोय गं नुसता".

म्हणून घरात पहिल्यांदा नीट स्टिरिओ घ्यायचा ठरवला. बजेट 12 हजार, वायर-बियर सगळं धरून.

सुरुवातीला मी पण मोठ्या आवाजाचंच शोधत होते, अण्णांना कमी ऐकू येतं तर आवाज मोठा पाहिजे, इतका साधा हिशोब. नवी पेठेत एका दुकानात गेले, तिथं पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालच्या जाड आवाजाचा डबा) असा सेट दाखवला, खोक्यावर पीएमपीओ वॅटचा भला मोठा आकडा. हा पीएमपीओ आकडा बघूच नका, तो क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो आणि त्याची मोजायची एकच अशी ठरलेली पद्धत नाही, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं छापायचा. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सलग किती वॅट देतो ते. मी मोबाईलमध्ये तीन गोष्टी नेल्या होत्या: एक जुनं मराठी गाणं, एक टाळ-पखवाजावरचा अभंग, आणि एका कीर्तनाचं नुसतं निरूपण. कीर्तन लावलं आणि बुवांचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आला, कारण छोट्या स्पीकरना पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग झेपत नाही, तो सगळा सबवूफरवर जातो आणि तिथं घुमतो. खालचा घुमारा वाढला की वरची बारीक अक्षरं त्याखाली दबतात, चांगल्या कानाला पण, मग अण्णांचं काय. तेव्हा डोक्यात बसलं की आपल्याला मोठं नको, स्वच्छ पाहिजे.

आवाज मोठा करायचाच असेल तर वॅट विकत घेण्यापेक्षा जवळ बसणं फुकट आहे. वॅट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि स्पीकरपासूनचं अंतर 10 फुटांवरून 5 फुटांवर आणलं की मोकळ्या जागेत 6 डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट वॅटचं काम, बंद खोलीत थोडं कमी पण तरी भरपूर. हे कळल्यावर मोठ्या सिस्टीमचा नाद मी सोडला.

मग प्रश्न आला अँप्लिफायर वेगळा आणि स्पीकर वेगळे घ्यायचे का. ज्याला पुढं हळूहळू वाढवत न्यायचंय त्यानं तसंच घ्यावं, पण 12 हजारात दोन्हीकडे पैसे विभागले की दोन्ही अर्धवट होतात असं माझं मत झालं. अँप्लिफायर आतच असलेली बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावेल एवढ्या स्पीकरची, जोडी घेतली, एडिफायर आर1280टी, 42 वॅट आरएमएस, खालच्या सुरांसाठी 4 इंची वूफर आणि वर बारीक सुरांसाठी 13 मिलिमीटरचा सिल्क डोम ट्वीटर. ब्लूटूथ यात नाही, फोन वायरनं जोडावा लागतो, पण बाजूला बास (खालचा जाड आवाज) आणि ट्रेबल (वरचा बारीक आवाज) यांचे वेगवेगळे नॉब आहेत आणि मला तेच हवे होते. कीर्तनातला शब्द न् शब्द कळला, तिथंच पैसे दिले.

घरी आणल्यावर मात्र दोन दिवस मन खट्टू झालं. आवाज पोकळ, बास गायब, गाणारा कुठं उभाय तेच कळेना. मला वायर लांब हवी होती म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधी दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणली होती (एवढ्याशा अंतराला ती पुरते, महागडी वायर घेऊ नका) आणि एका टोकाला लाल-काळं उलटं जोडलं गेलं होतं. एक स्पीकर पडदा पुढं ढकलतोय तेव्हा दुसरा मागं ओढतोय, मग बास एकमेकांत मरून जातो. हे तपासायला जुनं गाणं कामी आलं, ती रेकॉर्डिंग बहुतेक मोनो असतात, दोन्ही स्पीकरमधून तेच येतं, म्हणून मधोमध बसल्यावर आवाज बरोबर मधूनच यायला हवा. वायर सरळ केली आणि आला.

उरली खोली. आमचा हॉल दहा बाय बारा, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, टाळी वाजवली की झणझण उठायची. ती झणझण अक्षरं खाते. आईनं पेटीतल्या दोन जाड चादरी काढल्या, एक स्पीकरसमोर फरशीवर घडी करून टाकली आणि एक समोरच्या भिंतीवर चार बोटं अंतर सोडून टांगली, त्यातली एक अण्णांच्याच मागावरची आहे. टाळी पुन्हा वाजवून बघितली, आवाज तिथल्या तिथं थांबला. चादरीनं बास शोषला जात नाही आणि कोपऱ्यात तो जास्त घुमतो, तेवढ्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून दीड फूट बाहेर ओढले.

उंचीचं पण बघा. ट्वीटर कानाच्या रेषेत पाहिजे, आणि अण्णा खुर्चीवर बसत नाहीत, खाली गादीवर बसतात. म्हणून स्टँड घेतलेच नाहीत, दोन बुटके स्टूल ठेवले, मध्ये पाच फूट अंतर, अण्णा पण दोन्हींपासून पाच फुटांवर, तोंडं थोडी त्यांच्याकडे वळवलेली.

रात्री माग बंद झाल्यावर अभंग लावला, बास थोडा कमी केला, ट्रेबल हळूहळू वाढवत नेला, आवाज मोठा केलाच नाही. अण्णा डोळे मिटून बसले होते. जरा वेळानं हात वर करून म्हणाले, "थांब, आता हलवू नको. टाळ डाव्या बाजूला आहेत ना गं?"

होते. डाव्याच बाजूला.